घरात एकांत नाही, तरी शांत बसायचं कसं

ध्यानाला एकांत लागतो, अशी एक समजूत आपल्या डोक्यात घट्ट बसली आहे. आता खेड्यातलं घर डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्या, पुढे सपरी, मागे गोठा, आत टीव्ही, अंगणात पोट्टे, आणि दिवसातून दहा वेळा 'आहे का घरी?' म्हणत सरळ चुलीपर्यंत येणारी माणसं. कठीण दिवसांत तर हे घर आणखीच भरतं. मयत झाली की तेरवीपर्यंत पाहुणे असतात. सोयाबीन गेलं की उधारीवाले येतात, कुणी आजारी पडलं की भेटायला सारा मोहल्ला येतो. शांततेची खरी गरज असते तेव्हा एकांत दुर्मीळ असतो.

म्हणून हे लिहिणं एकांत नसलेल्या माणसासाठी आहे. ज्यानं ध्यान-बिन कधी केलं नाही, करायची लाजही वाटते, पण सध्या रात्री छताकडे बघत पडून राहतो, त्याच्यासाठी. विदर्भाला या बाबतीत बाहेरून काही आणायची गरज नाही. चार माणसांत बसून शांत व्हायचं, ही रीत आपल्या गावांत कधीची आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली, त्यात 'सामुदायिक' हा शब्द उगाच आलेला नाही. तिथपर्यंत आपण जाऊच. आधी घरातल्या घरात सुरुवात.

आधी वेळ बांधा, मनाचं मग बघू

मन तयार झाल्यावर बसू म्हणणारा कधीच बसत नाही. रोजचं एखादं न चुकणारं काम निवडा आणि त्याच्या शेपटीला हे बसणं बांधा. धार काढून दूध डेअरीवर दिलं की बसायचं. किंवा संध्याकाळी ढोरं बांधून, हातपाय धुतले की. घड्याळातली वेळ पाळणं कास्तकाराला जमत नाही, कारण मोटारीची लाईन या आठवड्यात दिवसा तर पुढच्या आठवड्यात रात्री. ढोरांची वेळ मात्र चुकत नाही.

पाच मिनिटं पुरेत. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासाचा संकल्प सोडू नका. आपल्याकडे संकटात माणूस एकदम मोठं काहीतरी धरतो: एका बैठकीत सबंध पारायण, अनवाणी वारी, सोळा सोमवार. श्रद्धेचा भाग म्हणून ते जरूर करा, त्याला कुणाची ना नाही. पण नवस हा देवाशी केलेला करार असतो, त्यात मनाचं एक टोक सतत फळाकडे लागलेलं राहतं. शांत बसण्यात काही मागायचं नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ केली की पंधरा दिवसांत 'बसून का होते बाप्पा?' हा प्रश्न हमखास येतो.

ऋतूप्रमाणे जागा बदला. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा दुपारी डोळे मिटून बसलात तर ध्यान नाही, ग्लानी येईल. उन्हाळ्यात पहाटे अंगणात किंवा गच्चीवर बसा. पावसाळ्यात सपरीत, डासांसाठी कडुनिंबाचा धूर करून. जूनमध्ये पेरणीची घाई असते, दिवाळीच्या मागेपुढे वेचणी असते. त्या दिवसांत पाचाची दोन मिनिटं झाली तरी चालतील, पण खंड पडू देऊ नका.

बायांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. 'काम आटोपलं की बस' हे त्यांना सांगणं फुकट आहे, कारण घरातलं काम आटोपत नाही. तिला बसायचं असेल तर तेवढ्या वेळात चुलीकडे, लेकराकडे आणि दारावरच्या माणसाकडे दुसऱ्या कुणीतरी बघितलं पाहिजे. घरातल्या पुरुषाला शांतीची एवढी ओढ असेल तर त्यानं इथून सुरुवात करावी.

बैठक

जमिनीवर गोणपाट किंवा चटई, त्यावर जुनं लुगडं चार पदरी घडी करून फक्त बुडाखाली. बूड गुडघ्यांपेक्षा थोडं उंच राहिलं की कंबर आपोआप सरळ होते. गुडघे दुखत असतील तर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसा, तळपाय जमिनीला टेकलेले असू द्या. बाजेवर बसू नका. तिचा झोळ कमरेला वाकवतो आणि दोन मिनिटांत आडवं व्हावंसं वाटतं. भिंतीला टेकायला हरकत नाही. दिवसभर डवरणी करून आलेल्या माणसाकडून योग्यासारखा ताठ कणा कुणी मागत नाही.

हात मांडीवर ठेवा, जबडा सैल सोडा. चिंतेतला माणूस दात आवळून बसलेला असतो आणि त्याला ते माहीत नसतं. जीभ टाळूला हलकी लावली की दात आपोआप सुटतात. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही, अर्धे उघडे ठेवून समोरच्या जमिनीकडे पाहिलं तरी चालतं. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. उलटा करून मांडीजवळ ठेवलेला मोबाईलसुद्धा मनाला खेचत राहतो.

आवाजापासून सुरुवात

नवखा माणूस आवाजाशी भांडत बसतो. टीव्ही बंद करा, पोरांना बाहेर काढा, कुत्र्याला हाकला. यात अर्धा वेळ जातो आणि वर डोकं तापतं ते वेगळंच. त्यापेक्षा पहिले आठ-दहा दिवस फक्त ऐका. जवळचा आवाज कोणता? शेजारच्या आजीचा खोकला. त्यापलीकडे? गोठ्यात साखळीची खुळखुळ. त्याही पलीकडे? रस्त्यावरून गेलेला ट्रॅक्टर. त्याही मागे कुठेतरी मोटारीची घरघर असेल. आवाज चांगला की वाईट हे ठरवायचं नाही, आला तसा जाऊ द्यायचा.

ज्यानं वावरात जागल केली आहे त्याला हे निराळं शिकवावं लागत नाही. रात्री माळ्यावर एकटा बसलेला माणूस डुकरांची, रोह्यांची चाहूल घेत असतो. अंग स्थिर, कान उघडे. पराटीत जरा सळसळ झाली की वाऱ्याची की जनावराची हे त्याला बॅटरी न लावता कळतं. त्या वेळी तो बँकेच्या नोटिशीचा विचार करत नसतो, कारण कान पूर्ण कामाला लागले की विचारांना जागा कमी उरते. घरातल्या बसण्यात हाच कान वापरायचा, एवढंच की इथे टिनाचा डबा वाजवून कुणाला हाकलायचं नाही.

मग श्वास

ऐकणं जमू लागलं की श्वासाकडे वळा. नाकानं सहज घ्या, नाकानंच हळू सोडा. सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब ठेवा. तीन मोजेपर्यंत घेतला तर पाच मोजेपर्यंत सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके स्वाभाविकपणेच थोडे मंदावतात, म्हणून लांब सोडलेल्या श्वासानं अंग निवतं. यात चमत्कार काही नाही, शरीराची रचनाच तशी आहे. श्वास कोंडून धरू नका. टीव्हीवर पाहून जोरजोरात पोट हलवणारे प्राणायाम रक्तदाब, हृदयविकार किंवा पोटुशी असताना मनानं करू नयेत.

दहा श्वास मोजा. चौथ्यावर गणती हरवली तर पुन्हा एकपासून. सुरुवातीला बहुतेकांची गणती चौथ्या-पाचव्याच्या पुढे जात नाही, त्यात कमीपणा नाही.

नाम कोणतं घ्यायचं?

तुमच्या घरात चालत आलंय ते. विठ्ठल म्हणणाऱ्यानं विठ्ठल म्हणावं. शेगावला जाणाऱ्याच्या ओठांवर 'गण गण गणांत बोते' आधीच असतं. रिद्धपूरला जाणाऱ्या महानुभाव घरांत नामस्मरण हाच साधनेचा गाभा आहे. बौद्ध घरात नामाची गरज नाही, नाकपुडीवर येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवणं, म्हणजे आनापान, हीच बुद्धानं सांगितलेली वाट. मुसलमान घरांत तसबीह असते. देव न मानणाऱ्यानं नुसती गणती केली तरी त्याचं काही अडत नाही.

फक्त एक धरलं की ते निदान तीन महिने सोडायचं नाही. या सोमवारी एक मंत्र, पुढच्या गुरुवारी कुणीतरी मोबाईलवर पाठवलेला दुसरा, असं केलं की मन कुठेच मुरत नाही. नाम श्वासाला जोडा आणि ओठ न हलवता म्हणा. वेचणीच्या वेळी, निंदताना, एसटीच्या थांब्यावर तेच नाम चालू ठेवता येतं. कापूस वेचणाऱ्या कितीतरी बाया हे कुणी न सांगता करतात. बोंडाकडे हात जातो, ओटीकडे येतो, तेवढ्या वेळात एक नाम.

विचार येतात, त्यांचं काय करायचं

येणारच. बसल्यावर जास्त येतात असं वाटतं. खरं म्हणजे ते आधीही येतच होते, आपण कामात असल्यानं त्यांची मोजदाद होत नव्हती.

पण चिंता दोन प्रकारच्या असतात आणि त्यांना एकाच दावणीला बांधू नये. पहिल्या प्रकारच्या चिंतेत करण्यासारखं काम असतं. तलाठ्याला पंचनाम्याचं विचारायचंय, बँकेत कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज द्यायचाय, पोरीच्या फीसाठी भावाशी बोलायचंय. अशी चिंता ध्यानात विरघळत नाही आणि विरघळूही नये. बसायच्या जागेजवळ पोराची जुनी वही आणि पेन ठेवा. बसण्याआधी दोन ओळी लिहा: काय करायचं, कोणत्या वारी करायचं. लिहिलेलं काम डोक्यात घिरट्या घालायचं बरंच कमी होतं. दुसऱ्या प्रकारात करण्यासारखं काही नसतं. पाऊस येईल का, भाव चढेल का, गेलेलं माणूस शेवटी काय बोलणार होतं. तिच्यासाठी वहीत ओळ नाही. ती आली की 'आली' म्हणायचं आणि पुन्हा श्वासावर यायचं. शंभरदा आली तर शंभरदा.

विनोबांचं उदाहरण वर्ध्याजवळचंच आहे. १९३८ साली त्यांची तब्येत इतकी ढासळली होती की वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे चाळीस किलोंवर आलं होतं. हवापालटासाठी ते पवनारला राहायला निघाले, तेव्हा धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या सगळ्या कामांचा भार 'संन्यस्तं मया' म्हणून टाकून दिला. पवनारला पोचल्यावर काय केलं? विश्रांती घेतली, चालले आणि रोज थोडं थोडं खणलं. हळूहळू वजन भरलं. मला यातलं दुसरं अर्धं जास्त महत्त्वाचं वाटतं. मनातलं ओझं ठेवून दिलं आणि हाताला मातीचं काम दिलं. आपल्याकडे निवांतपणा म्हणजे काहीच न करणं असं समजून माणसाला घरी बसवून ठेवतात. संकटातल्या माणसाला रिकामं बसवणं फार वाईट. त्याला सकाळी पाच मिनिटं शांत बसू द्या आणि मग वावरात न्या, धुऱ्यावरचं गवत कापायला का होईना.

आता चारचौघांत

घरी महिनाभर जमलं, न जमलं, तरी आठवड्यातून एक-दोनदा इतरांबरोबर बसायला जा. एकट्यानं पाच मिनिटं जड जाणारा माणूस ओळीत बसला की वीस मिनिटं सहज बसतो. शेजारचा हलत नाही म्हणून आपणही हलत नाही. यात थोडी लाज असते, थोडा आधार असतो.

विदर्भातल्या अनेक गावांत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची शाखा आहे आणि संध्याकाळी प्रार्थना होते. तिथे सजवलेली मूर्ती मध्यभागी नसते, अधिष्ठानाची गादी असते, म्हणून जात-पंथ काढून कुणाला अडवण्याचा प्रश्नच येत नाही. वेळेवर जा. उशिरा पोचलात तर मागे, आवाज न करता बसा. ओळ सरळ ठेवतात, तुम्हीही धरा. प्रार्थना पाठ नसली तर नुसते बसा, कुणी परीक्षा घेत नाही. नंतर भजन असेल तर खंजिरी वाजेल, थांबायचं की जायचं हे तुम्ही ठरवा.

बुद्धविहार गावात असेल तर वर्षावासाचा काळ नवख्याला सोयीचा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने बऱ्याच विहारांत रोज किंवा ठरावीक दिवशी वंदना आणि ग्रंथवाचन होतं. विठ्ठलाच्या देवळात हरिपाठ असतो, कार्तिकात पहाटे काकडा. हरिपाठ गाण्यात आहे, त्यात शांत बसणं कुठे आलं, असं कुणी म्हणेल. शेवटचा गजर संपला की टाळ खाली ठेवायच्या आधी जी क्षणभर गप्प होते सगळी मंडळी, तिथे लक्ष द्या. लगेच चपला शोधायला उठू नका.

जिथे काहीच नाही तिथे तिघं-चौघं मिळून पारावर बसा. बोलायचं नाही एवढाच नियम. पहिल्या दिवशी हसू येईल, पोट्टे दगडही मारतील. आठवड्यानं कुणी विचारत नाही.

आणि शांतीच्या नावाखाली पैसे, दागिने किंवा अंगारा-धुपाऱ्याचा खर्च मागणारा भेटला की उठून चालू लागा. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. तुमच्या घरावर कुणी काही केलंय असं सांगणाऱ्याकडे तुमच्या काळजाचं दुखणं घेऊन जाऊ नका.

बसणं पुरत नाही तेव्हा

काही दिवस असे असतात की डोळे मिटले की छाती धडधडते, घाम फुटतो, गेलेल्या माणसाचा चेहराच समोर येतो. अशा वेळी जबरदस्तीनं बसू नका. डोळे उघडे ठेवा आणि चाला. धुऱ्यावरून किंवा गावठाणाच्या रस्त्यावरून, प्रत्येक पावलाला टाचेखाली काय लागतंय ते बघत. पाण्यानं तोंड, मनगटं, मानेची मागची बाजू धुवा. सोबत कुणी असेल तर फारच बरं.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, दारू वाढली आहे, असं असेल तर हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. गोळ्या सुरू असताना ध्यान, नामस्मरण चालू ठेवता येतं, आणि ध्यान सुरू केलं म्हणून गोळ्या मनानं बंद करायच्या नसतात.

'आता जगून काय करू' असं कुणी बोललं, किंवा तुमच्याच मनात आलं, तर ते गमतीवर नेऊ नका. सरळ विचारा: 'जीव द्यायचं मनात येते का तुह्या?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असला तर त्याला बोलायला दार मिळतं. त्याच दिवशी १४४१६ ला फोन लावा किंवा सोबत बसून दवाखान्यात न्या, रात्री एकट्याला सोडू नका. फवारणीचं औषध घरात, सपरीत, कोठ्यात ठेवलेलं असेल तर ते बाहेर काढून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा आणि किल्ली त्या माणसाजवळ देऊ नका. या एका गोष्टीनं जीव वाचतात. ज्या घरात कुणाला काही झालेलं नाही, त्यांनीही औषधाची पेटी कुलपातच ठेवावी.

एखादा दिवस बाहेर

घरातलं बसणं जरा रुळलं की एकदा अशा ठिकाणी जाऊन या जिथे हे रोज, वर्षानुवर्षं चालतं. दहा दिवसांच्या मौनाच्या विपश्यना शिबिराचं नाव पुष्कळ जण काढतील. शिबिर चांगलं आहे, फीही नसते, पण ताज्या दुःखात, झोप उडालेली असताना पहिलंच पाऊल तिथे टाकू नये असं मला वाटतं. आधी एका दिवसापासून सुरुवात करा.

वर्ध्याकडचे असाल तर सेवाग्राम आणि पवनार एका दिवसात होतात. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, आणि आश्रमातली सकाळ-संध्याकाळची सर्वधर्म प्रार्थना अजून चालू आहे. उघड्या आभाळाखाली, जमिनीवर बसायचं असतं, थंडीत शाल न्या. पवनारला धामच्या काठी विनोबांनी १९५९ साली स्थापलेलं ब्रह्मविद्या मंदिर आहे. तिथल्या भगिनी शेती, स्वयंपाक, प्रार्थना सगळं स्वतः करतात, तेव्हा पर्यटकासारखं फोटो काढत फिरू नका.

शेगाव तर सगळ्यांनाच माहीत. दर्शनाची रांग मोठी असते, पण शिस्त आणि स्वच्छता अशी की रांगेतही माणूस निवांत होतो. गुरुवारी आणि प्रकटदिनाला गर्दी फार, मधला एखादा वार धरा.

अमरावती जिल्ह्यातलं मोझरीचं गुरुकुंज, म्हणजे तुकडोजी महाराजांचा आश्रम, नागपूर-अमरावती महामार्गावरच आहे, एसटीनं सरळ उतरता येतं. आश्विन वद्य पंचमीच्या पुण्यतिथीला तिथे लाखो लोक दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी एकाच वेळी मौन उभे राहतात. महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ ला देह ठेवला ती ही वेळ. एवढ्या माणसांत गप्प उभं राहणं अनुभवायचं असेल तर त्या दिवशी जा, मात्र सकाळीच पोचा आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर त्याच्या खिशात नाव-गाव-फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पहिल्यांदाच जात असाल आणि मन फार थकलेलं असेल तर साधा दिवस निवडा. दुपारी पोचा, समाधीजवळ थोडं बसा, संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबा, रात्री तिथेच मुक्काम करून पहाटेच्या ध्यानाला बसा. परतीच्या बसची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा, म्हणजे पहाटे बसताना डोक्यात बस नको.